कापलेलं बेणं

मंगळवारी संध्याकाळी पोरांनी कॉन ट्वोमीला विचारलं, चर नेमका कुठं खणायचा, आणि कॉननं सांगितलं. सगळा घोळ तिथंच झाला.

न विचारता कुठंही खणलं असतं तर निदान शिव्या द्यायला तोंड मोकळं राहिलं असतं. पण डेनिस कॉटर पडला गोड बोलण्यात पटाईत. बावीस वर्षांचा पोरगा, परवापरवापर्यंत कापडाच्या दुकानात गजानं कापड मोजत होता, आता आमच्या ग्लॅशारू गावात स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या पोरांचा कॅप्टन झालेला. टोपी हातात घेऊन म्हणाला, "काका, ह्या रस्त्यावर तुम्ही बारा वर्षं खडी फोडलीय. इंग्रज सोजिरांचा ट्रक कुठं अडकेल ते तुमच्याइतकं कुणाला कळणार?"

झालं. बारा वर्षांत त्या रस्त्याबद्दल कॉनला कुणी चकार शब्द विचारला नव्हता. त्यानं चिलीम खिशात घातली आणि सांगायला लागला. "वळणावर खणा. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दलदल. बाजूनं काढायला वाव नाही. सात फूट रुंद, सहा फूट खोल. आणि कडा उभ्या ठेवा रे, उतार दिलात तर फळ्या टाकून निघून जातील." नुसतं सांगून थांबला असता तरी ठीक. पण वीस पोरं खाली खणतायत आणि हा काठावर उभा राहून 'ती कड सरळ कर, तो दगड आधी काढ' करत होता. चर असा झाला की बघत राहावं.

बुधवारी सकाळी तो घोड्याला खरारा करत होता. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, आणि हातातला खरारा हातातच राहिला.

आमच्या डोंगरात एका घरी दोन घोडे कुणाकडेच नसतात. एक माझा, एक तुझा, जोडून नांगर धरायचा. आधी तुझं रान, मग माझं. कॉनची ही सावड मिक लीहनशी, बापाच्या वेळेपासूनची. मिकचा घोडा आणि दोघांचा मिळून असलेला नांगर मिकच्या गोठ्यात होता. मिकचं घर वळणाच्या पलीकडे. आणि वळणावर कॉननं सात फूट रुंद, सहा फूट खोल, उभ्या कडांचा चर खणवून घेतला होता. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दलदल.

तो घरात आला. त्याची बायको गॉबनेट पोत्यांवर चुना भुरभुरत होती. सहा पोती. बटाट्याचं बेणं, सोमवारपासून दोन दिवस बसून तिनं एकटीनं कापलेलं. प्रत्येक फोडीला एक डोळा, कुठं दोन. बोटांना सुरीचे वळ उठलेले.

"गॉबी," कॉन म्हणाला, "नांगर आज यायचा नाही."

"का? मिकला काय धाड भरली?"

"मिकला काही नाही. चर आहे मधे."

"मग दुसरीकडनं आण."

"दुसरीकडनं वाट नाही. म्हणूनच तर तिथं खणलाय."

गॉबनेटनं चुन्याचा हात एप्रनला पुसला. "कुणी सांगितलं तिथं खणायला?"

कॉन चिलीम चाचपायला लागला. तीस वर्षांचा संसार. तेवढं पुरेसं होतं.

"मेरीमाते!" ती पोत्यावरच बसली. "अरे, मी बेणं कापून बसलेय! चार-पाच दिवसांत मातीआड गेलं नाही तर वाळून खुळखुळा होईल त्याचा. सगळं चांगलं बेणं कापलंय मी, माहितीय ना? मागं उरलंय ते खायचं. ऑगस्टपर्यंत पुरवायचं. हे मेलं तर पुढच्या वर्षी काय खाणार? तुझी हुशारी?"

"पोरांनी विचारलं..."

"पोरांनी उद्या विचारलं, काका, तुमचं नाक कुठनं कापू, तर तेही सांगशील. मोजमाप देऊन!"

दुपारी तो चराच्या अलीकडे उभा राहिला आणि मिक घोडा घेऊन पलीकडे. दोघांनी दोन फळ्या टाकून बघितल्या. मिकचा घोडा पहिल्या फळीवर पाय ठेवून थरथरला, मागं सरला, आणि मिकच्या पायाच्या अंगठ्यावर उभा राहिला. मिक अर्धा तास शिव्या देत होता. घोड्याला कमी, कॉनला जास्त.

"कडा थोड्या उतरत्या ठेवल्या असत्यास तर खाली उतरवून वर काढला असता!"

"उतरत्या ठेवल्या तर चराचा उपयोग काय?" कॉनही चिडला. "करायचं तर नीट करावं माणसानं!"

"कर नीट. नीट उपाशी मर."

कॉननं फावडं घेऊन एकट्यानं रान खणायला घेतलं. अर्धा एकर. नोव्हेंबरात एकदा नांगरून टाकलेलं, पण अख्खा मार्च पाऊस कोसळल्यामुळे माती बसून घट्ट झालेली. दिवस मावळेपर्यंत दीड वाफा झाला. पाठ सरळ होईना. ह्या हिशेबानं तीन आठवडे लागले असते. आत पोत्यांत बेण्याच्या फोडींना कडेनं सुरकुत्या पडायला लागल्या होत्या. गॉबनेट येता-जाता एक फोड दाबून बघायची आणि परत टाकायची.

गुरुवारी सकाळी सोजीर आले. तीन ट्रक, चाळीस बंदुका. चराच्या पलीकडे थांबले आणि दोन्ही अंगांच्या घरांतून जो बाप्या दिसेल त्याला बाहेर काढलं. म्हातारे, लंगडे, कुणी म्हणून सोडलं नाही. एकानं कॉनला बंदुकीच्या दस्त्यानं पाठीत ढोसलं, नेमकं जिथं दुखत होतं तिथं.

"भरा!"

बाकीचे भरायचे तसे भरायला लागले, म्हणजे खाली झुडपं, वर पोकळ माती, मधे हवा. ट्रक आला की बसलाच पाहिजे. हे सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. मिकला घोडागाडीसकट धरून दगड वाहायला लावलं होतं.

कॉननं पाच मिनिटं तसं केलं. मग त्याला ते बघवेना. दुसरं म्हणजे, त्याला चर भरून हवाच होता! इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या मनासारखं काम सांगत होतं, मग ते बंदूक रोखून का होईना. मोठे दगड तळाला, फटीत बारीक, त्यावर माती, पाण्याचा शिडकावा, मग धुम्मस मारून घट्ट. पुन्हा थर. झुडपं उपसून बाहेर फेकली.

"कॉन!" मिक दगड टाकता टाकता पुटपुटला. "जरा हात आखड, गाढवा. इतकं चांगलं नको."

"तुझा घोडा जाणाराय ना ह्यावरनं? त्याचा पाय मोडू दे?"

मिक पुढचा दगड आणायला गेला. तीन वाजता रस्ता होता तसा झाला. होता त्याहून बरा झाला. ट्रक जाऊन आला, मातीत चाकाचा व्रणसुद्धा उमटला नाही. सोजिरांचा लेफ्टनंट, कोवळ्या मिशीचा, खूश झाला. सरळ कॉनकडे आला आणि सगळ्या गावासमोर त्याचा हात हातात घेऊन हलवला. "शाबास. असं काम करणारा माणूस ह्या जिल्ह्यात मी पहिल्यांदा बघतोय."

चाळीस माणसं बघत होती. कॉनचे कान तापले. हात सोडवून घ्यावा तर बंदुका, न सोडवावा तर शेजारी. मागच्याच महिन्यात पलीकडच्या खोऱ्यात एकाला पोरांनी फितूर म्हणून गोळी घातली होती, आणि त्याचा हात तर कुणी हलवलाही नव्हता.

लेफ्टनंट वळला आणि सार्जंटला म्हणाला, "पुढं दोन चर आणखी आहेत. ती घोडागाडी सोबत घ्या."

मिक गाडीमागं धावत गेला. "साहेब, माझा घोडा! साहेब!" दस्त्याचा एक ठोसा खाऊन परत आला. त्या घट्ट, सपाट, सुरेख रस्त्यावर तो कॉनशेजारी उभा राहिला.

"घे," मिक म्हणाला. "रस्ता झाला. आता ह्यावरनं तू चाल चारी पायांनी."

संध्याकाळी गॉबनेट जेवायला वाढायला उठली. पुढ्यात ताक आणि तीन बटाटे ठेवले आणि पाठ करून बसली.

शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमाराला डेनिस कॉटर वीस पोरं घेऊन अंगणात आला. सोजीर दुसऱ्या खोऱ्यात गेलेत अशी खबर होती. पोरांच्या खांद्यावर फावडी होती. सगळ्यांच्या मागं मिकही होता, पडलेल्या तोंडानं. डेनिसनं ह्या वेळी टोपी काढली नाही.

"काका, तुम्ही केलेल्या भरावावरनं कालच्या कालच ट्रक गावात पोचले. दोन पोरं नेली आमची."

"मला बंदूक लावली होती रे."

"सगळ्यांना लावली होती. धुम्मस फक्त तुम्ही मारली." डेनिसचा आवाज कापत होता. रागानं की झोप न झाल्यानं, कळेना. "आज तो उघडायचा. फावडी चालत नाहीत त्यात, बघून आलो. तुमची पहार आणि कुदळी द्या. आणि तुम्ही चला. तुम्हीच सांगा कसा उकरायचा."

कॉन मान खाली घालून पहार आणायला निघाला. दारात गॉबनेट उभी होती, कमरेवर हात.

"पहार मिळायची नाही," ती म्हणाली.

"मावशी, हे तुमचं काम नाही."

"बाप्तिस्म्याला तुला हातावर घेणारी मी. पाद्र्यानं पाणी ओतलं तेव्हा माझ्या नव्या शालीवर मुतलास तू. मला कामं सांगतोस?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. डेनिस लाल झाला.

"मंगळवारी तुमचा चर, गुरुवारी त्यांचा भराव, आज परत तुमचा चर. एक तुम्ही, एक ते. ह्या माणसानं चार दिवसांत किती माती हलवली? आणि स्वतःच्या रानात किती? दीड वाफा! या इकडं. या, बघा." तिनं एका पोत्याचं तोंड उघडून अंगणात ओतलं. फोडी चुन्यानं पांढऱ्या, कडा आक्रसलेल्या, काही डोळे काळे पडायला लागलेले. "सोमवारी कापलंय. आज शुक्रवार. घोडा सोजिरांकडं, नांगर मिककडं, आणि वीस फावडी माझ्या अंगणात. आधी माझं रान. मग पहार घे, कुदळ घे, नवरा पण घेऊन जा."

"मावशी, लढाई चाललीय देशात!"

"मग लढाईला बटाटा लागत नाही काय? गेल्या महिन्यात तीन रात्री तुझी पोरं माझ्या माळ्यावर झोपली. काय खाल्लं त्यांनी? तुझी भाषणं?"

डेनिस काहीतरी बोलणार होता, पण पोरं त्याच्याकडे बघतच नव्हती. सगळी शेतकऱ्याची पोरं ती. त्यांची नजर जमिनीवर ओतलेल्या बेण्यावर होती. एकानं खाली बसून फोड उचलली, नखानं दाबली आणि म्हणाला, "आजचा दिवस. फार तर उद्या. मग गेलंच हे." आणि फावडं उचलून सरळ रानाकडे चालायला लागला. त्याच्यामागं दुसरा. टेकडीवर पहाऱ्याला ठेवलेला पोरगासुद्धा खाली आला, घरी ह्याच कामाला तीन भाऊ लागतात म्हणाला, हात कमी पडतील.

आमच्याकडे ह्याला इर्जिक म्हणतात. जमीनदाराघरी असो की गरिबाघरी, माणसं येतात, काम उरकतात, जेवतात, जातात. फक्त जेवण घालायचं असतं पोटभर, ह्यात सूट नाही.

डेनिस एकटाच अंगणात राहिला. मग त्यानं कोटाच्या आतून पिस्तुल काढून गॉबनेटपुढं धरलं. "हे कुठं ठेवू? वाकलो की पडतं."

तिनं ते दोन बोटांनी धरून बेण्याच्या टोपलीच्या तळाशी घातलं, वर फोडी लोटल्या आणि टोपली कमरेवर घेतली.

काम झरझर चाललं. वीस फावडी ओळीनं, पुढं खणणारे, मागं वरंबे धरणारे, त्यामागं गॉबनेट आणि मिक बेणं टाकणारे. आणि कॉन? कॉन पहिल्या घटकेतच पिसाळला. पोरं घाईत होती. वरंबा एकाचा रुंद, एकाचा अरुंद, ओळ कुठं जातेय तिकडं लक्ष नाही. डेनिस तर विचारूच नका. गजानं कापड मोजणाऱ्याला फावडं उलटं की सुलटं तेही नीट कळत नव्हतं.

"अरे, सरळ! सरळ!" कॉन ओरडत होता. "समोरचा दगड बघ आणि त्याच्यावर नजर ठेव! मेंढरं चरून गेल्यासारखा वरंबा आहे हा!"

पाच वाजता, रानाचा तिसरा हिस्सा उरला असताना, ट्रक बांधाशी येऊन थांबला. कुणाला चाहूलच लागली नाही. रस्ता इतका गुळगुळीत की खडखडाटच झाला नाही.

दहा सोजीर उड्या टाकून आत आले. सगळे होते तिथं थिजले. वीस जवान पोरं, वीस फावडी. ह्याआधी असं कुठं सापडलं की सरळ भिंतीशी उभं करून गोळी. कोवळ्या मिशीचा लेफ्टनंट बांधावरनं आत उतरला, पिस्तुल हातात.

"इतकी माणसं? एवढ्याशा रानाला?"

डेनिसचा चेहरा पांढराफटक. गॉबनेटनं टोपली घट्ट धरली. आणि कॉन? देवाशपथ सांगतो, कॉननं तो आला हे बघितलंसुद्धा नव्हतं नीट. तो डेनिसच्या वरंब्याकडे बोट नाचवत होता.

"हे बघा! हे बघा, साहेब, तुम्हीच बघा!" तो लेफ्टनंटवरच खेकसला. "हा वरंबा आहे? वीस माणसं बोलावली इर्जिकीला, एकाला सरळ रेघ ओढता येईल तर शपथ! माझं बेणं वाळतंय, घोडा तुम्ही नेलात, आणि देवानं पाठवली ही कार्टी! ह्यानं, हा बघा, ह्यानं फोडी डोळा खाली करून लावल्यात! डोळा खाली! आयुष्यात बटाटा बघितला नाही काय रे?"

"काका, मी..." डेनिस खरोखरच ओशाळून म्हणाला.

लेफ्टनंटनं कॉनला ओळखलं. "तो कालचा रस्तेवाला," तो सार्जंटला म्हणाला आणि पिस्तुल थोडं खाली आलं. पण पूर्ण गेलं नाही. त्यानं गॉबनेटच्या टोपलीत हात घातला, एक फोड काढून उलटसुलट बघितली. परत हात घातला, जरा खोल.

गॉबनेटनं त्याच्या मनगटावर सण्णकन चापट मारली. "मोजून कापलंय! चिवडू नकोस. चुना जाईल त्याचा!"

दहा बंदुका वर आल्या. लेफ्टनंटनं हात मागं घेतला. त्याच्या आईनंही त्याला कधी असंच मारलं असावं, कारण तो चक्क "सॉरी" म्हणाला. मग स्वतःचीच लाज वाटून कडक आवाजात बोलला, "ठीक आहे. पेरणी आहे ना? मग पेरा. संपेपर्यंत मी इथंच बसतो. खोटं असेल तर कळेल."

आणि तो बांधावर बसला. दहा सोजीर रानाच्या चारी कडांना उभे राहिले. पुढचे दोन तास कुणी मान वर केली नाही. एक फावडं चुकीचं पडलं नाही. वरंबे सुतात गेले. कॉननं दोनदा तोंड उघडलं आणि बोलायला काही न सापडून मिटलं. सूर्य डोंगराला टेकताना शेवटची फोड मातीआड गेली. टोपलीच्या तळाशी ओंजळभर फोडी गॉबनेटनं मुद्दाम ठेवल्या आणि टोपली मांडीवर घेऊन बसली.

लेफ्टनंट उठला. "उद्यापासून रस्त्याची काळजी घे," कॉनला म्हणाला. ट्रक त्या भरावावरनं सुरेख निघून गेला.

डेनिस मट्कन खाली बसला. हाताला फोड आलेले, दोन फुटलेले. थोड्या वेळानं म्हणाला, "चला. आता रस्ता."

"आधी जेवण," गॉबनेट म्हणाली.

"मावशी, वेळ नाही, आणि तुमच्याकडे..."

"माझ्याकडे काय आहे ते मी बघते. इर्जिकीचा माणूस माझ्या दारातनं उपाशी गेला नाही, जायचा नाही. बसा!"

कॉन बादली घेऊन परसात खायचे बटाटे साठवलेल्या खड्ड्याकडे गेला. पेंढा बाजूला केला, भरली. परत गेला, भरली. चार हंडे चुलीवर चढले. पोरं दिवसभराची भुकेली, अंगणभर बसून सालासकट खात होती. ताक संपलं, मीठ संपलं. "काका, अजून आहेत?" एकानं विचारलं. सरळ मनानं विचारलं त्यानं, पोटात आग होती. कॉन पुन्हा बादली घेऊन गेला. ह्या खेपेला त्यानं पेंढा उचलला तर खाली माती लागली. हातानं चाचपत कोपऱ्यात गेला. माती. दुसरा कोपरा. सुपारीएवढे सात-आठ हाती लागले, ते घेऊन आला.

पोरं उठून पहार, कुदळी घेऊन रस्त्याकडे गेली. मिकही त्यांच्यामागं निघाला.

घरात दोघंच उरले. दोघांनीही काही खाल्लं नव्हतं. कॉननं ते सात-आठ बटाटे टेबलावर ठेवले.

"झाले?" तिनं विचारलं.

"झाले."

गॉबनेट बोटांवर मोजायला लागली. मे, जून, जुलै. ऑगस्ट. मग हात मांडीवर टाकले. बाहेर वळणावरनं पहारीचा आवाज येत होता, दगडावर लोखंड, दगड निघत नव्हता बहुतेक. कॉन जागचा उठला. आता त्याला जाणं भागच होतं.

"कॉन."

"काय?"

"ते स्वातंत्र्य येणार म्हणतोय ना डेनिस? लवकरच?"

"म्हणतो तर आहे."

"विचार त्याला," गॉबनेट म्हणाली. "बटाट्याच्या आधी येणार की नंतर."

कॉननं फावडं खांद्यावर घेतलं, आणि खरंच विचारायला गेला.